सातव्या खुंटापाशी

५ मार्च

बेडके,

अत्यंत गंभीर प्रकरणी हे पत्र लिहीत आहे, तेव्हा आधी बसून घे. माझ्या पंचावन्नाव्या वाढदिवसाला तू जी शिट्टीची किटली पाठवलीस, ती शिट्टी वाजवत नाही. पाणी उकळतं, वाफ निघते, झाकण थडथडतं. पण जिच्या नावातच शिट्टी आहे ती वस्तू मौन पाळून बसते. काल तिसऱ्यांदा पाणी आटलं आणि तळ काळा पडला. शास्त्राप्रमाणे, वस्तूचा जो धर्म सांगितला तो तिच्यात नसेल तर ती ती वस्तूच नव्हे. म्हणजे तू मला वाढदिवसाला काहीच दिलं नाहीस, हे सिद्ध होतं. दुकानदाराला हा युक्तिवाद माझ्या नावाने ऐकव आणि बदलून घे.

फोन करायचा विचार असेल तर सोडून दे. फोनवर तू तोंडात गोळी धरल्यासारखी बोलतेस. मुद्रणालयातल्या आमच्या वाचकबाईंनाही हाच रोग जडला आहे. वीस वर्षं आमचं काम एकाच पद्धतीने चाललं: त्या मूळ प्रत मोठ्याने वाचतात, मी छापलेल्या पानावर नजर ठेवून चुका धरतो. पण वर्षभरात त्या पुटपुटायला लागल्यात. पुढची पिढी बिघडली म्हणावं, तर बाई माझ्याहून दोनच वर्षांनी लहान.

येत्या रविवारपासून तुझ्या खात्याची पाखरांची मोजणी सुरू करतो. हे बारावं वर्ष. तळ्याकाठचे सात खुंट, प्रत्येकापाशी दहा मिनिटं उभं राहायचं, जे ऐकू येईल ते वहीत लिहायचं. बोरूच्या दाटीत पाखरू दिसत नाही, ऐकूच यावं लागतं, हे तूच शिकवलंस. पूर्वी आम्ही दोघं जायचो. तुझी वहिनी कान लावायची, मी वही धरायचो. आता एकट्याने काम अधिक शिस्तीत होतं. मध्येच “त्या चपला बदला आता” असं कुणी म्हणत नाही.

किटलीचं बघ.

तुझा मामेभाऊ,
ज्याच्या दप्तरात तू सातव्या वर्षी बेडूक ठेवला होतास तो

* * *

१४ मार्च

दादा,

ती किटली दुकानदाराने माझ्यासमोर वाजवून दाखवली होती. शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला, एवढी ती ओरडते. तुझ्याकडे येऊन तिला तुझा धाक बसला असेल. बदलून मिळणार नाही. पाण्याजवळ उभा राहत जा.

आता हे पत्र अर्धं ऑफिसचं आहे, तेव्हा तूही बसून घे.

सुईबद्दल लिहायचं आहे. यादीतलं तिचं लांबलचक नाव तुला पाठ आहे, पण वहिनीने ठेवलेलं नावच बरं: अंगठ्याएवढं पाखरू आणि सुई टोचल्यासारखा बारीक आवाज. तुझ्या सातव्या खुंटापाशी बोरूचा जो उत्तरेचा पट्टा सुरू होतो, तो तिच्या नावावर राखीव आहे. नियम असा, की लागोपाठ तीन हंगाम सुईची नोंद झाली नाही तर राखीवपणा उठतो. गेली दोन वर्षं तुझ्या वहीत सुईपुढे शून्य आहे. हे तिसरं.

पाणीखात्याने नकाशा काढूनही ठेवलाय. बोरू मुळासकट उपटायचा, काठाला दगडी भिंत, वर फिरायला रस्ता, बाकं, दिवे. बाकांवर माझा राग नाही. पण गावातून येणारं पाणी तो पट्टाच गाळतो. बेडूक, चतुर, मासळीची पिल्लं, सगळी त्याच्याच आडोशाला वाढतात. सुईच्या नावावर घर आहे म्हणून बाकीचे भाडेकरू टिकलेत, असं समज.

माझी योजना वेगळी आहे. पट्ट्याचे तीन भाग करायचे. दर हिवाळ्यात एकच भाग कापायचा, तोही चटईवाल्याकडून. त्याला माल मिळतो, बोरू माजत नाही आणि उरलेले दोन भाग पाखरांना उभे राहतात. योजना साहेबांना आवडली आहे. फक्त ते म्हणतात, ज्या पाखरासाठी हे करायचं ते तिथे आहे का ते आधी सांगा.

जूनच्या मध्यावर बैठक आहे. सुई नसेल तर राखीवपणा उठवायच्या कागदावर सही माझी असेल. ही योजना मी सहा वर्षं उराशी धरून बसले आहे, हे तुला वेगळं सांगायला नको.

नीट ऐक, दादा. एवढंच.

बेडकी

* * *

६ एप्रिल

बेडके,

“नीट ऐक” ही आज्ञा पोचली. पस्तीस वर्षं ज्याने दुसऱ्यांच्या चुका धरून पोट भरलं त्याला हे सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. तरी तू धाकटी आहेस, आणि धाकट्यांना क्षमा करावी असं वचन आहे. नसेल तर मी आत्ताच केलं.

पाच रविवार झाले. पाणकोंबड्या पहिल्या खुंटापासून भांडताहेत. खंड्या तिसऱ्या खुंटाच्या वरच्या तारेवर न्यायाधीशासारखा बसतो. बेडूक इतके, की मोजणं सोडून “पुष्कळ” असं लिहिलं आहे. तुझ्या जातभाईंची एवढी सरबराई पुरे. भारद्वाज दोन. सातव्या खुंटापाशी दहाऐवजी वीस मिनिटं उभा राहिलो. वारा, पाण्याचा चुबुक, लांबून गाडी. सुई नाही.

चटईवाल्याची मात्र गंमत झाली. गेल्या रविवारी तो काठावर बोरूच्या पेंढ्या बांधत होता. मी वही मिटली तर म्हणाला, “काय पंडितजी, सुई लिहिली ना?”

म्हटलं, “असती तर लिहिली असती.”

“आहे की. सकाळपासून कान खातेय.”

“कुठे?”

त्याने विळा बोरूकडे केला. “ही काय. आत्तासुद्धा.”

मी कान देऊन ऐकलं. काही नाही. आता बघ, शब्दाला प्रमाण मानायचं तर बोलणारा आप्त लागतो. म्हणजे ज्याला खरं माहीत आहे आणि ज्याचा त्यात स्वार्थ नाही असा. बोरू राहिला तर याच्या चटया राहणार. स्वार्थ उघड आहे. मी त्याला तसं सांगितलं नाही. फक्त “बरं” म्हटलं. तोही “बरं” म्हणाला, आणि त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच विकत घेतलेला साक्षीदार आहे.

वाचकबाईंनी काल एक अख्खा परिच्छेद पुन्हा वाचून दाखवला, मी न सांगता. आगाऊपणा वाढतो आहे.

दादा

* * *

१५ एप्रिल

दादा,

घाईत आहे. अजून तासभर लवकर जाऊन बघशील? उजाडता उजाडता. आणि चटईवाल्याला एकदम निकालात काढू नकोस. तो त्या बोरूत तीस वर्षं वाकतो आहे. आपण दोघं काठावरून बघतो.

साहेबांना मसुदा हवा आहे. मी दोन ओळी लिहिल्या आणि कागद खणात टाकला. खण उघडताना आवाज होतो म्हणून आता तो उघडतही नाही.

बेडकी

* * *

४ मे

बेडके,

नऊ रविवार झाले. त्यांतले तीन उजाडता उजाडता, चहाही न घेता. सुईपुढे नऊ शून्यं आहेत. वही तुला पाहायला मिळेलच. शून्यं सुबक आली आहेत.

तुझ्या पत्रातला खण मला दिसतो. म्हणून थोडं शास्त्र सांगतो, कारण शास्त्राचा एक उपयोग असा, की ते वाईट बातमीला हातात धरायला मूठ देतं. ज्ञानाच्या साधनांत एक साधन आहे, अनुपलब्धी. सोपं आहे. खोलीत घडा आहे का? पाहिलं, दिसला नाही; तर घडा नाही. न दिसणं हेच “नाही”चं प्रमाण. आमच्या आत्याबाईंना, म्हणजे तुझ्या आईला, हे कधी पटलं नाही. त्या रिकाम्या डब्यात तीनदा हात घालून बघायच्या. पण तू खात्यातली बाई आहेस. नऊ वेळा पाहिलं, दिसलं नाही. सही कर.

आणि मनाला लावून घेऊ नकोस. काही गोष्टी जातात. त्या गेल्यावर रिकामी जागा मोजत बसू नये. सातव्या खुंटापाशी आता छान शांत असतं. पूर्वी इतकं शांत कधी नसायचं. तुझ्या वहिनीला तिथे बोलायला फार आवडे.

दादा

* * *

१० मे

दादा,

सही केलेली नाही. तुझी शून्यं खोटी वाटतात म्हणून नव्हे. बारा वर्षांत तुझ्या वहीत एक खाडाखोड नाही. आमच्या खात्यात तिला “संहिता” म्हणतात.

पण तू मला घडा शिकवला होतास तेव्हा मी नववीत होते, आणि तू आणखी एक गोष्ट सांगितली होतीस. घडा नाही असं म्हणायच्या आधी खोलीत दिवा लावलेला असावा लागतो. अंधारात दिसला नाही तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. मला तेव्हा ते फार आवडलं होतं. म्हणून तर मी या कामाला लागले.

सोबतच्या डब्यात आवाज टिपायचं यंत्र आहे. हा दुसरा दिवा समज. लाल कळ दाबायची, खुंटाला पट्ट्याने बांधायचं. प्रत्येक ठिकाणी सुरुवातीला आणि शेवटी तारीख, वेळ, खुंटाचा क्रमांक नि नोंद मोठ्याने म्हणायची, म्हणजे नंतर जुळवता येतं. दोन रविवार कर. मग आतलं कार्ड काढून मला पाठव. यंत्र तिथेच ठेव, किटलीशेजारी. ती अजून मौनातच आहे का?

बेडकी

* * *

२६ मे

बेडके,

आज्ञा पाळली आहे. कार्ड सोबत जोडलं आहे. नखाएवढ्या पत्र्यात दोन रविवार मावतात यावर माझा विश्वास नाही, पण तो तुमच्या खात्याचा प्रश्न.

यंत्रापुढे बोलणं हा अपमानास्पद प्रकार आहे. माणसाने बोलावं, समोरून कुणी मान तरी हलवावी. पहिल्या खुंटापाशी मी घसा खाकरून तारीख सांगितली तर एक पाणकोंबडी दचकून पाण्यात पडली. तीही नोंद करून ठेवली आहे. चौथ्या खुंटापर्यंत सरावलो. सातव्यापाशी तर मला स्वतःचाच आवाज आवडायला लागला. तू ऐकशीलच: शब्द स्वच्छ, विराम जागच्या जागी. वाचकबाईंना नमुना म्हणून ऐकवायला हवं.

सुई नाही. दोन्ही रविवारी नाही. दिव्याचं तू म्हणालीस ते बरोबर आहे, आणि मी सांगितलेलं तुला आठवतं याने बरंही वाटलं. पण आता दोन दिवे झाले. दोन्ही दिव्यांत घडा नाही.

किटली मौनातच आहे. तिला मी आता मनाने क्षमा केली आहे. तुम्हा सगळ्यांत एकीने तरी बोलू नये.

दादा

* * *

२ जून

दादा,

किटली फेकली नसशील तर फेकू नकोस.

मला काय लिहायचं आहे ते तीन वेळा लिहून फाडलं. फोनवर सांगणं सोपं झालं असतं, पण फोनवर तुला मी ऐकू येत नाही. म्हणजे मी पुटपुटते असं तू म्हणतोस. दादा, मी पुटपुटत नाही.

कार्ड मी ऑफिसात लावलं. सातवा खुंट, दुसरा रविवार. आधी वारा. मग तू. मग दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत सुई एकेचाळीस वेळा ओरडते. लांब नाही, तुझ्या डोक्याच्या वर कुठेतरी, इतकी जवळ की आवाज फाटतो. आणि शेवटी तू सावकाश, एकेक अक्षर सुटं करून म्हणतोस, “सातवा खुंट. सात वाजून वीस मिनिटं. सुई. नोंद शून्य.” तू हे म्हणत असताना ती मागे ओरडतेच आहे. “शून्य” या शब्दाच्या मध्ये एकदा.

मी ते दोनदा ऐकलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा नाही.

मग तुझ्या जुन्या वह्या काढल्या. शून्यं कधीपासून सुरू झाली ते बघितलं. वहिनी गेली त्याच्या पुढच्या मोजणीपासून. त्याआधीच्या प्रत्येक वर्षी सुई आहे. तीन, चार, एकदा सहा. तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, ती कान लावायची आणि तू वही धरायचास. मी ते वाचलं आणि पुढे गेले. मी या खात्यात सव्वीस वर्षं आहे, दादा. बारीक आवाज वयाबरोबर आधी जातात हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. दर वसंतात मी तुला वही पाठवत राहिले, आणि तुझा कान तपासावा हे एकदाही सुचलं नाही. दिवा लावायचं काम माझं होतं.

किटली वाजते. तिची शिट्टी फार बारीक आहे.

रागावू नकोस. रागावलास तरी लिही.

बेडकी

* * *

२३ जून

दादा,

तीन आठवडे झाले. तुझ्या मुद्रणालयात फोन केला होता. वाचकबाईंनी उचलला. “साहेब कामावर येतात, ठणठणीत आहेत, फक्त बोलत नाहीत,” म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी खणखणीत आहे, हे सांगून ठेवते.

बैठक झाली. बैठकीत आवाज वाजवायच्या आधी मी तुझं बोलणं कापून टाकलं होतं. तुझ्यावर कुणी हसावं अशी माझी इच्छा नव्हती. खोलीत फक्त सुई वाजली. एक जण म्हणाला, पंखा कुरकुरतोय का. मग सगळ्यांना कळलं. पाणीखात्याच्या इंजिनिअरने रास्त प्रश्न विचारला: मग आधीची दोन वर्षं शून्य कोणी लिहिलं? मी म्हटलं, ऐकणारा अत्यंत काटेकोर आहे. त्याचा कान कधी तपासला नाही, ती चूक माझ्या खात्याची, म्हणजे माझी. तसं लेखी दिलं आहे.

पट्टा राहिला. तीन भागांची योजना पाच वर्षांसाठी मंजूर झाली. पहिला भाग येत्या हिवाळ्यात, चटईवाल्याच्या विळ्याने. रस्ता दक्षिणेकडून जाईल, तिथे बोरू नाहीच. इंजिनिअर म्हणाला, बाकं तरी ठेवा. ठेवली.

आणखी एक. एकूण तेवीस तळ्यांच्या वह्यांत सुईपुढे शून्य आहे. मी सगळीकडे यंत्रं पाठवायला सुरुवात केली. पहिल्या चारांपैकी दोन तळ्यांवर ती सापडली. त्या दोन्हीकडचे ऐकणारे साठीच्या पुढचे आहेत. आता खात्याचं परिपत्रक निघतंय: मोजणी करणाऱ्या प्रत्येकाने दर हिवाळ्यात कान तपासून घ्यावेत. चाळीसेक म्हातारे मला शिव्या देतील. मी त्यांना तुझा पत्ता देणार आहे.

लिही ना.

बेडकी

* * *

८ जुलै

बेडके,

उशीर झाला. तुझं २ जूनचं पत्र आल्यावर मी ते घडी करून शब्दकोशात ठेवलं आणि आठ दिवस शब्दकोश उघडला नाही. आमच्या धंद्यात ही मोठी गैरसोय असते.

नवव्या दिवशी वाचकबाईंना घरी चहाला बोलावलं. वीस वर्षांत पहिल्यांदा; त्या बिचाऱ्या नोकरी गेली असं समजून आल्या. किटली ठेवली आणि आम्ही कागदाच्या दर्जावर बोलत बसलो. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “अहो, किटली.”

“काय झालं किटलीला?”

“बंद करा आधी. डोकं उठलं.”

मी पाहिलं. वाफ सरळ वर चालली होती. विचारलं, “वाजतेय?”

“वाजतेय काय विचारता?” असं म्हणून त्या थांबल्या. मग उठून गॅस त्यांनीच बंद केला. पाठमोऱ्या राहून म्हणाल्या, “मला वर्षभर वाटत होतं. मी मोठ्याने वाचत होते. कुठे अडलात असं वाटलं तर तेवढं परत वाचत होते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”

तर ही ती पुटपुटणारी बाई.

कानाच्या डॉक्टरणीने एका पेटीत बसवून आलेख काढला. रेघ बराच वेळ सपाट चालते आणि मग कड्यावरून उडी मारते. जाड आवाज शाबूत आहेत, बारीक सगळे कड्याच्या पलीकडे. “हे आजचं नाही,” ती म्हणाली. “सात-आठ वर्षं तरी झाली असतील.” मी घरी येऊन हिशेब मांडला. म्हणजे तुझी वहिनी असतानाही मला सुई ऐकू येत नव्हती. ती माझ्याकडे न बघता म्हणायची, “सुई, दोन,” आणि मी लिहायचो, दोन. मी समजत होतो, आम्ही दोघं मोजतोय. तिला ठाऊक असणार. मला चपला बदलायला सांगणारी बाई एवढं मात्र बोलली नाही. या बाबतीत ती आणि वाचकबाई एका शाळेच्या.

चटईवाल्याची माफी मागितली. तो म्हणाला, “आम्हाला ठाऊक होतं की. मागून सायकलची घंटी वाजवली तरी तुम्ही बाजूला होत नाही. वाटायचं, मोठी माणसं होत नसतील.” स्वार्थ असलेला माणूसही खरं बोलू शकतो, हे आप्ताच्या व्याख्येत घालायचं राहून गेलं होतं. मी माझ्यापुरतं घातलं.

परवाच्या रविवारी डाव्या कानात ऐकायचं यंत्र घालून गेलो. कागद चुरगळल्याचा आवाज एवढा मोठा असतो हे विसरलो होतो. वही उघडली नि दचकलो. वाचकबाईही आल्या होत्या, स्वतःच्या घरची छत्री आणि माझ्यासाठी जाड तळव्याच्या चपला घेऊन. चपलांचा सल्ला कुणी दिला ते तू मला सांगू नकोस, मी तुला विचारत नाही. सातव्या खुंटापाशी त्या थोड्या वेळाने बोट वर करून म्हणाल्या, “एक.” मग “दोन, डावीकडे.” मग “तीन.” तिसरी मलाही ऐकू आली. टोचल्यासारखी, अगदी पातळ, आणि लगेच पुन्हा. वहीत लिहिलं आहे: सुई, तीन, पैकी मला एक. तुझ्या खात्यात असा रकाना नसेल तर पाड.

परिपत्रकाला माझी हरकत नाही. चाळीस म्हाताऱ्यांना माझा पत्ता खुशाल दे. आणि चूक आपली म्हणून लेखी दिलंस ते मला आवडलं नाही, कारण ती अर्धी माझी आहे. दिवा लावायचं काम तुझं असेल, पण खोलीत मी बसलो होतो.

आता खरं सांगतो. बहिरेपणाची मला फारशी काळजी नाही. यंत्र आहे, वाचकबाई आहेत, किटलीकडे बघत उभं राहता येतं. पण तुझी वहिनी गेल्यावर पहिल्या मोजणीला सुई ऐकू आली नाही, तेव्हा मला आश्चर्य वाटलं नव्हतं. मला वाटलं, बरोबरच आहे. तीही गेली, हीही गेली, ओळीने सगळंच जाणार. मी दिवा तपासला नाही, कारण अंधार मला पटला होता. तुला मी “सही कर” असं लिहिलं ते कानाने नव्हे. ते अंधार पटलेल्या या माणसाने लिहिलं. तो अजून माझ्यात आहे, आणि सुबक शून्यं काढतो. यंत्र कानाला लावता येतं, त्याला काही लावता येत नाही. तो पुढे आणखी कशाकशापुढे शून्य लिहील, याची मला काळजी वाटते. म्हणून हिवाळ्यात पहिला भाग कापतील तेव्हा दोन दिवस इकडे येऊन राहा, असं म्हणतो.

दादा